औषधाचे नाव औषधासोबतच राहू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रुग्णाला चुकीचे औषध दिले गेल्याची बातमी आली की तिच्यात ‘हलगर्जीपणा’ हा शब्द हमखास असतो. कामावर कोण होते, कोणाला निलंबित केले, चौकशी समिती कधी बसणार, हे सगळे सविस्तर येते. ते औषध कोणत्या पाकिटात होते, त्यावर काय लिहिले होते आणि काय लिहायचे राहिले होते, हे मात्र मी क्वचितच वाचले आहे. रुग्णालयाच्या औषध विभागात फार्मासिस्ट म्हणून ३१ वर्षे काढली. यातल्या कितीतरी चुका पाकिटापासून सुरू होतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

माझ्या हातून झालेली चूक आधी सांगते. संधिवाताच्या एका बाईंना मेथोट्रेक्सेट सुरू झाले होते. २.५ मिलिग्रॅमच्या ३ गोळ्या, आठवड्यातून एकदाच. संधिवातात हे औषध चुकून रोज घेतले गेले तर तोंड आतून सोलून निघते, अस्थिमज्जेत नव्या रक्तपेशी तयार होईनाशा होतात आणि माणूस दगावूही शकतो. मला हे पाठ होते. पण आमच्या छापील पाकिटावर रकाने तीनच: सकाळ, दुपार, रात्र. आठवड्याला जागाच नव्हती. मी ‘रात्र’च्या रकान्यात ३ लिहिले, खिडकीतून तोंडी सांगितले, “आठवड्यातून एकदा, फक्त सोमवारी”, आणि पुढच्या माणसाचा कागद हातात घेतला. चार आठवड्यांच्या १२ गोळ्या दिल्या होत्या. पाचव्या दिवशी त्यांची मुलगी रिकामे पाकीट घेऊन आली. “गोळ्या संपल्या, अजून द्या.” आईच्या तोंडात फोड आलेत, पाणीसुद्धा गिळवत नाही, हे तिने नंतर, मी विचारल्यावर सांगितले.

बाईंना लगेच दाखल केले, उतारा म्हणून फोलिनिक ॲसिड दिले. पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या, त्या हळूहळू वर आल्या. बाई वाचल्या. त्या वाचल्या त्या १२ गोळ्यांवरच हिशेब थांबला म्हणून. तीन महिन्यांच्या एकदम दिल्या असत्या तर मुलगी पाचव्या दिवशी खिडकीशी आलीच नसती.

मला लेखी ताकीद मिळाली. ती मिळायलाच हवी होती. पाकीट मात्र पुढे सव्वा वर्ष तेच राहिले, कारण गोदामात छापील साठा पडून होता. तो संपेपर्यंत मी हाताने चिठ्ठ्या लिहून पाकिटांवर चिकटवत होते. रुग्णाच्या जिवाशी ज्याचा थेट संबंध आहे असा कागद ‘साठा संपल्यावर बदलू’ असे कोणी म्हणते, तेव्हा मला आजही संताप येतो.

नव्या पाकिटावर आम्ही वाराची जागा केली: ‘आठवड्यातून एकदाच, दर ____वारी. रोज घेऊ नये.’ मेथोट्रेक्सेटची गोळी एकाच ताकदीची, २.५ मिलिग्रॅमची, ठेवायची असे ठरवले. एकाच कपाटात २.५ आणि १० असल्या की हात कधीतरी चुकतोच. आणि पाकीट देताना आपण सांगण्याऐवजी रुग्णालाच विचारायचे: “ही गोळी तुम्ही कधी घेणार?” उत्तर चुकले तर आपले लेबल चुकले, असे धरायचे.

दुसरी गोष्ट स्ट्रिप कापण्याची. ज्या स्ट्रिपवर नाव, ताकद आणि मुदत एकेकदाच छापलेली असते, ती कापली की एका तुकड्यावर नाव राहते, दुसऱ्यावर मुदत, तिसऱ्यावर काहीच नाही. वॉर्डातून परत आलेला एक तुकडा मला विसरता येत नाही. त्यावर ‘…प्रोलॉल ५’ एवढीच अक्षरे शिल्लक होती. बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉल ही दोन्ही रक्तदाबाची औषधे. ती बिसोप्रोलॉलची ५ मिलिग्रॅमची गोळी, की मेटोप्रोलॉलची ५० ची आणि शून्य कात्रीखाली गेले? सिस्टर म्हणत होत्या, रंगावरून ओळखू येते. रंगावर जाऊ नये. कंपनी बदलली की रंग बदलतो. तो तुकडा मी त्यांच्यासमोरच टाकून दिला. प्रत्येक गोळीच्या मागे नाव, ताकद, बॅच आणि मुदत छापणे उत्पादकांना अशक्य नाही. ज्यांची छपाई अशी असते त्यांचीच औषधे रुग्णालयाने घ्यावीत. खरेदी समितीच्या तक्त्यात किमतीशेजारी हाही एक रकाना असावा.

मोठ्या डब्यातल्या सुट्या गोळ्या रुग्णालयात लहान पाकिटांत भरतात, ते काम बाहेरच्यांना दिसत नाही. त्या टेबलावर एका वेळी एकच औषध असावे. आधीच्या औषधाची एकही गोळी, एकही लेबल तिथे उरलेले नसावे. २०० लेबले छापली आणि १९८ पाकिटे भरली, तर उरलेली २ मोजून, नोंदवून फाडायची. ती खिशात किंवा टेबलाच्या फटीत राहिली की कधी ना कधी भलत्याच पाकिटावर जाऊन बसतात. पेनिसिलिनच्या गोळ्या मोजायचा ट्रे वेगळा हवा, कारण त्याची तीव्र ॲलर्जी असलेल्याला ट्रेवरची भुकटीसुद्धा बाधू शकते. काही औषधे तर मूळ बाटलीतून काढायचीच नसतात. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळी प्लास्टिकच्या पुडीत ठेवली तर तिच्यातले औषध उडून जाते, प्लास्टिक ते शोषूनही घेते. लेबल अगदी अचूक असते, आणि ऐन वेळी गोळी काम करत नाही. हे काम करणाऱ्याला भरपूर उजेड द्या, त्याला मध्येच हाका मारू नका, आणि भरलेला लॉट तपासायला दुसरा माणूस द्या. भरणाऱ्यानेच तपासून सही करणे म्हणजे तपासणी नव्हे.

इंजेक्शनच्या बाबतीत तर चूक सुधारायला वेळच मिळत नाही. २००६ साली अमेरिकेत इंडियानापोलिस शहरातल्या एका रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध हजारपट जास्त गेले आणि तीन बाळे दगावली. १० युनिटच्या कुप्यांच्या जागी १०,००० युनिटच्या कुप्या ठेवल्या गेल्या होत्या. दोन्ही लेबले निळसर. त्या खणात नेहमी बाळांच्याच कुप्या असत, त्यामुळे परिचारिकांचा हात सवयीने गेला. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये नवजात बालकांच्या बाबतीत तीच चूक झाली. ती बाळे सुदैवाने वाचली. इंडियानापोलिसच्या घटनेनंतर जास्त ताकदीच्या कुपीचा रंग वेगळा झाला, अक्षरे मोठी झाली आणि वर फाडून काढावे लागणारे लाल इशाऱ्याचे लेबल आले. हे आधीच करता आले असते, हे त्या आईबापांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगाचे औषध फक्त शिरेतून द्यायचे असते. पाठीच्या कण्यातून दिले गेले तर ते बहुतेक वेळा प्राणघातक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सूचना काढली, की ते सिरिंजमध्ये भरून पाठवूच नका, सलाइनच्या लहान पिशवीत पातळ करून पाठवा. कण्यात द्यायची औषधे सिरिंजमध्ये येतात. समोर पिशवी असली की हात आपोआप थांबतो. मला ही सूचना फार मोलाची वाटते. इथे पॅकिंगचा आकारच रुग्णाला वाचवतो, मग कोणी कितीही थकलेले असो. तोंडाने द्यायच्या पातळ औषधाचेही तसेच. ते इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये कधीही भरू नये. सुई किंवा सलाइनची नळी जिला बसतच नाही अशी वेगळी सिरिंज त्यासाठी मिळते, तीच वापरावी.

अक्षरांबद्दल थोडे. इंग्रजीत हायड्रॅलझिन हे रक्तदाबाचे आणि हायड्रॉक्सिझिन हे ॲलर्जीचे औषध, यांच्या नावांतला वेगळा भाग मोठ्या लिपीत छापतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००१ मध्ये अशा जोड्यांसाठी ही पद्धत सुचवली होती. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. म्हणून मराठी लेबलावर वेगळा भाग ठळक करावा आणि नावाखाली औषध कशासाठी आहे तेही छापावे: ‘रक्तदाबासाठी’, ‘खाजेसाठी’. आकड्यांचेही नियम साधे आहेत. ०.५ मधला पहिला शून्य लिहायचाच, नाहीतर टिंब पुसट झाले की ५ होते. १.० मधला शेवटचा शून्य कधीच लिहायचा नाही, त्याचे १० होते. इन्सुलिनच्या आकड्यापुढे ‘यू’चे इंग्रजी अक्षर नको, ते शून्यासारखे दिसते, ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा. यातली एकही गोष्ट महागडी नाही.

बारकोड लावला की सगळे संपले, असे अलीकडे ऐकते. बारकोड जरूर असावा. पण तो वॉर्डाच्या दारातच फाडला गेला आणि गोळ्या सुट्या करून वाटीत रुग्णाकडे गेल्या, तर त्याचा उपयोग काय? पाकीट रुग्णाच्या खाटेशी, नाव वाचून, त्याच्यासमोर उघडावे. सिरिंजमध्ये औषध भरले की ती हातातून खाली ठेवण्याआधी तिच्यावर लेबल लागलेच पाहिजे. लेबल नसलेली सिरिंज टाकून द्यावी, “माहितीये मला काय आहे ते” असे कोणी कितीही सांगितले तरी.

आपल्याला दोन विनंत्या आहेत. अशी बातमी पुढे येईल तेव्हा आपल्या वार्ताहरांनी त्या पाकिटाचा किंवा कुपीचा फोटो मागावा, रुग्णाचे नाव झाकून तो छापावा आणि लेबलात काय कमी होते ते जाणकाराला विचारून लिहावे. दुसरी, त्या बाईंचे पाकीट मी इतकी वर्षे जपून ठेवले आहे. ते आणि त्यानंतर आम्ही केलेले नवे पाकीट, दोन्हींच्या प्रती नाव काढून सोबत पाठवत आहे. शेजारी शेजारी छापता आले तर छापा. नव्या पाकिटावरचा मजकूर कोणत्याही रुग्णालयाने जसाच्या तसा उचलावा, मला विचारण्याची गरज नाही.

आपली,
एक निवृत्त रुग्णालय फार्मासिस्ट