मंत्र ऐकायचा की मिरवायचा?

महोदय,

परदेशी बँडने आपला मंत्र घेतला की आपण एक तर छाती फुगवतो, नाहीतर भावना दुखावून घेतो. ऐकायचे राहूनच जाते. मेटल, पोस्ट-रॉक अशा रॉक संगीताच्या कुठल्याच खणात नीट न बसणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ओम’ या बँडचा ‘अद्वैतिक साँग्ज’ (२०१२) हा अल्बम जरूर ऐकावा. सुरुवातच महामृत्युंजय मंत्राने होते. आविर्भाव नसलेला स्त्रीस्वर, तबला, चेलो आणि खाली तेच तेच घोळवत राहणारी अल सिस्नेरोस यांची बास गिटार. घाई म्हणून नाही. हाच मंत्र कर्ण्यावरून दिवसभर कर्कश ऐकणाऱ्या आमच्यासारख्यांना तर हे सोवळ्यातले वाटावे!

पुढे ‘गेथसेमनी’, ‘सिनाय’, ‘हक्क अल-यकीन’ अशी ख्रिस्ती, ज्यू, इस्लामी परंपरांतून नावे घेतलेली गाणी; मुखपृष्ठावर बाप्तिस्मा करणारा योहान. उचलेगिरी? थोडी आहेच. गीतांचे शब्दही बरेचदा अध्यात्माच्या ग्रंथांतून चिमटीने वेचल्यासारखे. अर्थाचा धागा लागत नाही. पण वाजवण्यात दिखाऊपणा नाही. शिकागोच्या ‘ड्रॅग सिटी’ या छोट्या स्वतंत्र कंपनीने हा अल्बम काढला. आपल्याकडच्या फ्यूजन महोत्सवांच्या आयोजकांनी पुढची सतार-गिटार जुगलबंदी ठरवण्याआधी तो एकदा ऐकावा.

– एक वाचक, पुणे