अजिनोमोटो, मीठ आणि बाबांचं ताट

तीर्थरूप आई-बाबांस सा. न.

आई, मीठ कमी केल्यापासून बाबा दोन घास खाऊन ताट सरकवतात, असं तू फोनवर सांगितलंस. त्याच फोनवर, अजिनोमोटो म्हणजे विष, ते घरात नको, असंही म्हणालीस. बाबांच्या ताटाचा प्रश्न सोडवायला तेच ‘विष’ उपयोगी पडेल, म्हणून हे सविस्तर पत्र.

अजिनोमोटो हे कंपनीचं नाव. पदार्थाचं नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळाच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं. आता ते उसाची मळी किंवा स्टार्च आंबवून करतात. पिकल्या टोमॅटोत आणि आईच्या दुधातही मोकळं ग्लुटामेट असतंच, आणि शरीर त्यात आणि पुडीतल्यात भेद करत नाही. पोटात गेलेलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात.

बदनामी सुरू झाली ती १९६८ मध्ये, एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रापासून. चिनी जेवणानंतर मान बधिर होते, धडधडतं, अशी त्यात तक्रार होती. पुढे कोणाला अजिनोमोटो दिलंय हे घेणाऱ्याला आणि डॉक्टरालाही न कळू देता चाचण्या झाल्या. उपाशीपोटी, नुसतंच ३ ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतल्यावर काहींना थोडा वेळ डोकेदुखी, बधिरपणा जाणवला. पण त्याच माणसांना पुन्हा दिल्यावर तसंच होईल याची खात्री राहिली नाही. जेवणातल्या एका वाढपात ते साधारण अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये घातलेली मर्यादा कडक आहे: वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० मिलिग्रॅम. साठ किलोच्या बाबांना ती १.८ ग्रॅम येते. आपण तीच पाळू.

आता स्वयंपाकघरातलं. मिठात सोडियम सुमारे ३९ टक्के, अजिनोमोटोत १२ टक्के. चार माणसांच्या रश्श्यात तू सपाट चमचाभर, म्हणजे साधारण ६ ग्रॅम मीठ घालत असशील, तर ते ४ ग्रॅमवर आण आणि पाव चमचा, म्हणजे १ ग्रॅम अजिनोमोटो घाल. सोडियम सुमारे २३४० मिलिग्रॅमवरून १६८० वर येतं, चव मात्र भरलेली राहते. नेहमीचं मीठ तसंच ठेवून वर हे घातलं तर सोडियम उलट वाढेल; ही चूक टाळ.

फोडणीत टाकू नकोस, तेलात ते विरघळत नाही. रस्सा किंवा मुगाचं वरण उकळून झालं की पळीभर पाण्यात विरघळवून घाल. कढी आणि चिंचेच्या सारात त्याचा गुण कमी होतो, तिथे घालू नकोस. गोडाला ते नकोच. मीठ अजिबात नसेल तर नुसत्या अजिनोमोटोने चव बसत नाही, आणि जास्त पडलं तर जिभेवर एक साबणासारखी चव रेंगाळते. इंदूरच्या सियागंज बाजारातून सुटं आणू नका, सीलबंद पुडी घ्या. दाणे सुईसारखे लांबट, चमकदार असतात. तरी मिठाच्या डब्याशेजारी ठेवू नकोस, बरणीवर नाव लिही.

बाबा, यापुढचं तुमच्यासाठी. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. तुमच्या बीपीच्या टेल्मिसार्टन गोळीने शरीरात पोटॅशियम आधीच साठू शकतं, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. मूत्रपिंडं थकलेली असतील तर धोका आणखी मोठा. ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नका, मला याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. अजिनोमोटोत पोटॅशियम नसतं.

सकाळच्या पोह्यांवर सेव आणि जिरावण मसाला हवाच, हे मला ठाऊक आहे. मग पोह्यांत मीठ नेहमीच्या निम्मंच पडू दे, कारण सेव खारी असते आणि जिरावणात काळं मीठ असतं. सेवेच्या पाकिटामागे १०० ग्रॅममधलं सोडियम मिलिग्रॅममध्ये छापलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. ८०० लिहिलं असेल तर २ ग्रॅम मीठ. दिवसाचं सगळं मिळून माणशी ५ ग्रॅमच्या आत राहायला हवं. घटकांच्या यादीत ६२१ हा क्रमांक म्हणजे अजिनोमोटोच. ६२७, ६३१ किंवा ६३५ दिसलं तर तो दुसरा चववर्धक. त्याचं शरीरात यूरिक अॅसिड होतं, आणि ते वाढलं की तुमचा पायाचा अंगठा सुजतो, म्हणून ती पाकिटं परत ठेवा.

आई, गाडीवरचं मंचुरियन खाल्लं की तुझं डोकं दुखतं, ते मी खोटं म्हणत नाही. पण मोठा चमचाभर सोया सॉसमध्येच ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, शिवाय तळण आणि रात्रीचा उशीर. एका वहीत लिही: काय खाल्लं, किती वाजता, किती वेळाने दुखलं. घरचं, मोजून घातलेलं खाऊनही दुखलं तर अजिनोमोटो बंद कर. न खाल्ल्याने काहीच बिघडत नाही. नाही दुखलं, तर रस्सा तुम्ही दोघंही पोटभर जेवा.

बाबांचं बीपी महिनाभर सकाळी चहाआधी, पाच मिनिटं शांत बसून मोजा, आणि तेही त्याच वहीत लिहा. पुढच्या भेटीला वही बरोबर न्या.

तुमची लेक