पहिली की दुसरी? चरईच्या काकूंना जाहीर पत्र

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

रविवारी कार्यक्रम संपला आणि मी तुमच्यापर्यंत पोहोचायच्या आत तुम्ही चहाच्या टेबलापाशी गेलात. कपबशांच्या आवाजात तुमचं एवढंच ऐकू आलं, “अगं, आधी त्या मुलांना द्या, सकाळपासून उपाशी आहेत.” मग कोणीतरी मला हात धरून जिन्यापर्यंत आणलं, रिक्षात बसवलं आणि जे बोलायचं होतं ते राहून गेलं. म्हणून हे पत्र. तुमचं नाव लिहीत नाही, कारण ते तुम्हाला चालणार नाही. पण ठाण्यातल्या ज्यांनी ओळखायचं ते ओळखतीलच.

त्या दिवशी तुम्ही गोळा केलेल्या अकरा लेखनिकांचा, म्हणजे परीक्षेत आम्ही अंध मुलं सांगू ते लिहून देणाऱ्यांचा, सत्कार झाला. गुलाबाचं फूल आणि एक पेन, शाल-श्रीफळ नाही. पहिली चार नावं पुकारली तेव्हा सभागृहात जरा कुजबुज झाली, कारण त्या चौघांनी या वर्षी एकही पेपर लिहिला नव्हता. ते राखीव होते. कोणी ऐन वेळी आजारी पडलं, कोणाची गाडी चुकली, तर हाताशी माणूस हवा म्हणून परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर बसून राहणारे. घंटा झाली, आत पेपर सुरू झाला की हे घरी जायचे. त्यातल्या एकीने असे नऊ पेपर बाहेर बसून काढले. तिचं नाव तुम्ही सगळ्यात आधी घ्यायला लावलंत. तिच्या आईचं रडणं मला माझ्या मागच्या खुर्चीवरून ऐकू आलं.

हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडं सांगते. आम्हा अंध मुलांना परीक्षेत लेखनिक मिळतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये त्याचा उल्लेख आहे. तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. कागदावर सगळं छान आहे. पण २९ ऑगस्ट २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार परीक्षार्थीने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली हवं, असा तेव्हा नियम होता. हेतू चांगला होता, उत्तरं माहीत असलेला माणूस नको. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की शिकलेली, रिकामा वेळ असलेली, मनापासून मदत करायला तयार असलेली शेजारची मोठी माणसं बाद व्हायची. उरायची ती शाळा-कॉलेजातली मुलं, ज्यांच्या स्वतःच्याच परीक्षा तोंडावर असायच्या. अशा मुलांच्या घरी जाऊन, त्यांच्या आईबाबांसमोर बसून, “तुमच्या मुलाचे चार तास मला द्या” असं मागायला काय लागतं हे मला माहीत आहे, कारण दोनदा मी तुमच्याबरोबर आले होते. एका घरी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. जिना उतरताना तुम्ही म्हणालात, “त्यांचंही बरोबर आहे गं, पोराची बारावी आहे पुढच्या वर्षी.” आणि पुढच्या दाराची बेल वाजवलीत.

पण मला आभार मानायचे आहेत ते माणसं गोळा केल्याबद्दल नाही. ते कोणी ना कोणी केलं असतं. तुम्ही त्यांना जे शिकवलंत त्याबद्दल मानायचे आहेत.

आठवतं? तुमच्या चरईच्या घरात रविवारी सकाळी, कांदेपोह्यांचा वास, खाली भाजीवाल्याची हाक, आणि नवीन मुलगा प्रश्नपत्रिका वाचतोय. “अ, पानिपत. ब, प्लासी. क, तळीकोट. ड, खडकी.” आम्ही चौघंपाचजण समोर बसलेलो. तुम्ही आम्हाला विचारायचात, “उत्तर काय असेल?” आम्ही म्हणायचो, “क.” आणि तो मुलगा चकित व्हायचा, कारण प्रश्न अजून वाचलाच नव्हता. ‘क’वर त्याचा आवाज अगदी किंचित खाली बसला होता, एवढंच. बघणाऱ्याला ते जाणवत नाही. आम्हाला लगेच कळतं. “चारही पर्याय एकाच सुरात,” तुम्ही म्हणायचात, “बसगाडीचा कंडक्टर थांब्यांची नावं घेतो तसे. ज्याच्या आवाजावरून मुलांना उत्तर कळेल तो नापास.” कितीजण तीन-तीन रविवार नापास झाले! तरी परत आले.

आणि दुसरा नियम, “पहिली की दुसरी?” आम्ही सांगितलेल्या शब्दाबद्दल शंका आली तर लेखनिकाने फक्त एवढंच विचारायचं. वेलांटी पहिली की दुसरी, उकार पहिला की दुसरा. आम्ही चुकीचं सांगितलं तर चुकीचं लिहायचं. चेहरा, आवाज, खाकरणं, काही बदलायचं नाही.

हे माझ्यासाठी काय होतं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. शाळेत असताना निबंधाच्या एका स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. मी सांगत होते, एक बाई लिहून घेत होत्या. प्रेमळ होत्या. मधेमधे वाक्य ‘नीट’ करत होत्या, एक सुभाषितही त्यांनी आपणहून घातलं. बक्षीस समारंभात माझ्या मागे कोणीतरी म्हणालं, “बाईंनीच लिहिलं असणार.” त्यांचं चुकलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार होते? ते प्रमाणपत्र घरात कुठे आहे हे मी आजवर आईला विचारलेलं नाही.

मग फेब्रुवारी २०१६, माझी बारावी, मराठीचा पेपर. तुम्ही पाठवलेला अकरावीचा मुलगा. आम्ही पुस्तकं बहुतेक ऐकून शिकतो. ब्रेलमध्ये इ आणि ई यांची टिंबं वेगळी असतात, तिथे बोटांना शुद्धलेखन कळतं, पण सगळी पुस्तकं ब्रेलमध्ये कुठून मिळणार? तर मी त्या पेपरात चार वेळा ‘कवियत्री’ असं सांगितलं. त्याने पहिल्यांदा विचारलं, “ताई, वि की व?” मी ठणकावून सांगितलं, “वि. पहिली वेलांटी.” त्याने लिहिलं. पुढचे तीन वेळा विचारलंही नाही. चार तासांनी बाहेर आलो, त्याच्या बोटावर तुम्ही दिलेली चिकटपट्टी पार गुंडाळून गेली होती, हाताला हात लागला तेव्हा कळलं. रस्ता ओलांडून आम्ही वडापावच्या गाडीपाशी थांबलो आणि मग तो हळूच म्हणाला, “ताई, ते कवयित्री असतं. क, व, यि, त्री.” चार तास त्याने ते पोटात ठेवलं होतं.

गुण किती गेले कोण जाणे. पण तो पेपर माझा होता. त्यातली प्रत्येक ओळ माझी, चारही ‘कवियत्री’ माझ्या. निकाल लागला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला माझेच गुण मिळाले असं वाटलं. तो शब्द मी त्यानंतर कधी चुकले नाही.

आणि २०१९ चा पदवीचा तो तिसरा पेपर. माझ्या लेखनिकेला पहाटे ताप भरला. राखीव मुलगी फाटकाशी होतीच, पण केंद्रावरचे गृहस्थ ऐकेनात. नाव दुसरं आहे, पत्र दुसऱ्याचं आहे, चालणार नाही. मी हातपाय गळून पायरीवर बसले. तुम्ही रिक्षाने आलात, आवाज न चढवता पिशवीतून कागद काढलेत आणि वाचायला लागलात. अडचणीच्या वेळी लेखनिक बदलायची मुभा असावी, असं त्याच २०१८ च्या सूचनांत स्पष्ट लिहिलं होतं. तुम्ही ते कलम दोनदा वाचलंत, अगदी पर्याय वाचल्यासारखं, एकाच सुरात. पंचवीस मिनिटं गेली होती. त्यांनी आत सोडलं तेव्हा तुम्ही तेवढ्याच शांतपणे म्हणालात, “आणि ही पंचवीस मिनिटं शेवटी हिला मिळतील ना?” मिळाली. ती राखीव मुलगी त्याआधी माझ्या आणि इतरांच्या सहा पेपरांना नुसती बाहेर बसून गेली होती. तिचं अक्षर चांगलं आहे असं परवा कोणी म्हणालं. मला तिचं न थांबणारं पेन आठवतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या खटल्यात निकाल दिला, की लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवारालाही लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर तुमच्याकडे वेगळेच फोन यायला लागले. हात थरथरणारा मुलगा, अपघातात अंगठा गेलेली मुलगी. तुम्ही कोणालाही “आमचा गट अंधांसाठी आहे” असं म्हणाला नाहीत. “रविवारी दहाला ये,” एवढंच.

काकू, सत्काराची यादी तुमच्या वहीतून झाली. त्या वहीत कोण आलं, कोण थांबलं, कोण परत गेलं, कोणाच्या आईने डबा दिला, सगळं आहे असं ऐकते. तुमचं नाव त्यात असणार नाही, कारण वही तुम्ही लिहिता. आमच्यातल्या काहींना वाटत होतं तुम्हाला स्टेजवर बोलवावं, पण तुम्ही निक्षून नाही म्हणालात, आणि आम्ही ऐकलं, कारण सांगितलेलं तसंच उतरवायचं हे तुम्हीच शिकवलंय. मात्र पत्राला तुम्ही नाही म्हणाला नव्हतात.

मी आता रोज ठाण्याहून पनवेल गाडी पकडते, ऐरोली, घणसोली, नेरूळ अशी नावं ऐकत बेलापूरला उतरते. कचेरीत माझ्या टेबलावर संगणक आहे आणि तो मला वाचून दाखवतो. हे पत्रही मीच टंकलंय, कोणाला सांगून लिहून घेतलेलं नाही. वेलांटी चुकली असेल तर ती माझी.

लेखनिक व्हायला मला जमणार नाही, पण ऐकायला जमतं. या रविवारी दहाला येते. नव्या तिघांचे पर्याय ऐकायचे आहेत, आणि त्यातला एकजण ‘ब’ आला की श्वास घेतो असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात. त्याला पोहे खायच्या आधीच बसवू या.

तुमची,
कळव्याची पोर