आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : शस्त्रक्रियेनंतरच्या दुरुस्तीचा खर्च कुणाच्या खात्यात?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, स.न.वि.वि.

मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. माझी लिंगपुष्टीची, म्हणजे शरीर माझ्या ओळखीशी जुळवणारी शस्त्रक्रिया होऊन गेली आहे, पण हे पत्र तिच्याबद्दल नाही. तिच्यानंतर करून घ्याव्या लागलेल्या दुरुस्तीबद्दल आहे. पहिल्या शस्त्रक्रियेचा उल्लेख आता कायद्यात आहे, योजनांच्या जाहिरातीत आहे. दुरुस्तीचे नाव कुणी घेत नाही, आणि माणूस अडकतो तो नेमका तिथेच.

आधी थोडे शरीराचे बोलतो. फॅलोप्लास्टीत हाताची नाहीतर मांडीची त्वचा रक्तवाहिन्यांसकट घेऊन शिश्न तयार करतात, आणि उभ्याने लघवी करता यावी म्हणून मूत्रमार्ग लांबवतात. सगळ्यात जास्त त्रास देतो तो हा लांबवलेला मार्ग. जुना भाग नव्याला जोडतात तिथे तो आकसतो, त्याला स्ट्रिक्चर म्हणतात. किंवा शिवणीतून लघवी भलतीकडेच झिरपू लागते, तो फिस्टुला. नावाजलेल्या केंद्रांतही हे सर्रास घडते. मला सर्जननी ते आधीच सांगितले होते, मी सही करूनच टेबलावर गेलो होतो. बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यावर 2018 साली मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात लिंगबदलाची शस्त्रक्रिया झाली तीही टप्प्याटप्प्याने. म्हणजे एका फटक्यात हे काम उरकत नाही, याची कल्पना सरकारी यंत्रणेला आहे.

माझा मार्ग आकसला. धार बारीक झाली, मग थेंब थेंब, मग थंडीताप, आणि एका रात्री लघवी पार तुंबली. जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी नेहमीसारखी खालून नळी घालायला घेतली. पहिल्यांदा गेली नाही, म्हणून जरा जोर लावला. अशा मार्गात नळी रेटली तर ती आत स्वतःची वेगळीच वाट पाडते. अशा वेळी ओटीपोटावरून थेट मूत्राशयात नळी घालायची असते. मी कण्हत कण्हत सर्जनना फोन लावून स्पीकरवर ठेवला, तेव्हा कुठे ते थांबले. डॉक्टरांना बोल लावत नाही. असला रुग्ण त्यांनी कधी पाहिला नव्हता आणि त्यांना कुणी शिकवलेही नव्हते. पुढे भाड्याची जीप करून शहर गाठले, रस्त्यातला प्रत्येक खड्डा ओटीपोटात मोजत.

दुरुस्ती लगेच करता येत नाही. सूज पूर्ण उतरून जागा मऊ पडेपर्यंत थांबावे लागते. तोवर पोटावर नळी आणि मांडीला बांधलेली पिशवी घेऊन मी कामावर जात होतो. शर्ट बाहेर सोडलेला, पँट दोन नंबर मोठी. मग गालाच्या आतले अस्तर काढून मूत्रमार्गाला लावले. त्यामुळे जखमा दोन, एक खाली आणि एक तोंडात. आईने ताक आणि भाताच्या पेजेवर ठेवले, कारण कोमट चहासुद्धा गालाला झोंबायचा. नळी काढण्याआधी डाय सोडून एक्स-रे काढतात. पडद्यावर ती पांढरी रेघ कुठेही न फुटता शेवटपर्यंत गेली, आणि तंत्रज्ञ माझ्या आधी हसला.

पैशांचे मात्र हसण्यासारखे नव्हते. माझ्याकडे खासगी आरोग्य विमा होता. दावा फेटाळला गेला. विमा नियामक प्राधिकरणाने 2019 साली ठरवून दिलेल्या अपवादांच्या यादीत सातवा अपवाद लिंगबदलाच्या उपचारांचा आहे, आणि त्या उपचारांशी 'संबंधित' खर्चही त्यातच धरलेला आहे. अपघातात ओटीपोटाला मार बसून एखाद्याचा मूत्रमार्ग आकसला तर डॉक्टर तोच, ऑपरेशन तेच, पण त्याचा दावा या कलमाखाली कुणी फेटाळणार नाही. आणि त्याच 2019 साली संसदेने ट्रान्सजेंडर व्यक्ती कायदा केला. त्याचे कलम 15 म्हणते की शस्त्रक्रिया, हार्मोन आणि 'इतर कोणत्याही आरोग्यविषयक' बाबींचा खर्च सर्वंकष विम्यातून भागवण्याची तरतूद सरकारने करावी. एका सालातले हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. पुढे 24 ऑगस्ट 2022 रोजी केंद्राच्या आयुष्मान भारत टीजी प्लस या ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या आरोग्य योजनेचा करार झाला, वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण जाहीर झाले. पण पॅकेजमध्ये दुरुस्ती शब्दशः लिहिलेली नसेल तर खिडकीवरचा माणूस काय करणार? तो बिचारा यादीच बघणार.

केरळात अनन्याकुमारी अ‍ॅलेक्स ही ट्रान्स स्त्री. लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेनंतर वर्ष उलटले तरी वेदना थांबत नाहीत, फार वेळ उभे राहवत नाही, असे जाहीरपणे सांगत होत्या. जुलै 2021 मध्ये त्या गेल्या. सरकारने चौकशी लावली, पण त्यानंतर.

हे वाचून 'म्हणूनच ही ऑपरेशने नकोत' म्हणणारे निघतील, याची मला कल्पना आहे. याच भीतीने आमच्यातले कितीतरी जण गळती, ताप, जळजळ सोसत गप्प बसतात. मला पश्चात्ताप नाही. सिझेरियनच्या टाक्यांत पुढे हर्निया झाला तर त्या बाईला मूल हवेच कशाला होते, असे कुणी विचारत नाही.

मुंबईच्या जी.टी. रुग्णालयात फेब्रुवारी 2023 मध्ये तृतीयपंथीयांसाठी 30 खाटांचा वेगळा कक्ष सुरू झाला, ते चांगलेच झाले. पण पिशवी बांधून लातूरहून मुंबईपर्यंत रेल्वेत बसून बघावे एकदा. मराठवाड्यात आणि विदर्भात एकेका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ठरल्या वारी युरॉलॉजिस्ट आणि प्लास्टिक सर्जन एकत्र बसले, तरी आमचे निम्मे हाल वाचतील. ही महाविद्यालये दुसऱ्या खात्याकडे आहेत हे ठाऊक आहे, म्हणून प्रत वैद्यकीय शिक्षणमंत्र्यांना. राज्याच्या आरोग्य योजनेत दुरुस्ती आणि नंतरच्या तपासण्या स्पष्ट शब्दांत लिहाव्यात, आणि पहिली शस्त्रक्रिया जिथे झाली तिथेच दुरुस्ती करा अशी अट घालू नये, कारण तिथे परत जाण्याची प्रत्येकाची इच्छा किंवा ऐपत नसते. त्या सातव्या अपवादाबद्दल राज्याने केंद्राला पत्र लिहावे.

आणि ज्याला बजेट लागत नाही असे एक काम : लघवी तुंबलेला ट्रान्स पुरुष रात्री दारात आला तर काय करायचे, काय करायचे नाही, याचे एक पान प्रत्येक ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात लावावे. त्या पानाचा मराठी मसुदा मी तयार केला आहे, माझ्या सर्जननी तो तपासून दिला आहे. आपल्या कार्यालयात तो कुणाकडे पाठवू, तेवढे कळवावे.

आपला,
एक ट्रान्स पुरुष, जि. लातूर