माळ्यावरची ट्रंक नानांना द्या

प्रिय आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर बाबा सहज बोलून गेले की कॉमिक्स भाड्याने देणाऱ्या आपल्या नानांनी बाजारपेठेतला गाळा शेवटी विकला आणि तिथे आता मोबाईल कव्हरचं दुकान होतंय, तेव्हापासून डोक्यात नुसते नानाच आहेत. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता आणि माझं मुद्द्याचं राहूनच जातं म्हणून हे टाइप करतेय. आई, तू बाबांना वाचून दाखव, ऑपरेशननंतर त्यांनी इतक्यात स्क्रीन बघायची नाहीये (आणि ते बघतायत हे मला माहितीये).

तर काम असं, की माळ्यावरची माझी कॉमिक्सची हिरवी ट्रंक नानांना द्यायचीय. अख्खी.

तुमचे जावई म्हणाले की मराठी इंद्रजाल कॉमिक्सना ऑनलाइन चांगला भाव आहे, जुने अंक जमवणारे लोक एकेका अंकाला शेकड्यांनी पैसे मोजतात. मोजू देत की. आपल्याला काय ट्रंक विकून बंगला बांधायचाय? ती ट्रंक भरली कशी आठवतंय ना, मे महिन्यात दिवसाला चार आणे भाड्याने आणायचे आणि परत करताना नाना म्हणायचे, हा फार फाटलाय गं, आता गिऱ्हाईक घेणार नाही, ठेव तुला. फाटलेला वगैरे काही नसायचा तो. आता कळतं.

बाबा, तुम्ही नानांना नेहमी "त्यांचा काय धंदा, पोरं बिघडवायचा" म्हणायचात आणि रात्री मी झोपल्यावर माझ्या दप्तरातलं मॅन्ड्रेक जादूगाराचं कॉमिक काढून वाचायचात, खूण म्हणून एसटीचं तिकीट त्यातच विसरायचात. आईचं तर वेगळंच. तिचं माहेर पडलं वेंगुर्ल्याकडचं, त्यामुळे वेताळ म्हटलं की तिला आरवलीचा वेतोबाच डोळ्यासमोर यायचा. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, चपला झिजवतो, म्हणून लोक त्याला हे एवढ्या मोठ्या चामडी चपला वाहतात, आणि मी त्याचं पुस्तक खुशाल उशाखाली घालून झोपतेय! मी किती सांगितलं की हा वेगळा गं, हा इंद्रजालमधला वेताळ, इंग्रजीतला फँटम, हा देंकालीच्या जंगलात कवटीच्या गुहेत राहतो, जांभळ्या कपड्यांवर पट्ट्यांची चड्डी घालतो, तर म्हणालीस, चड्डी कुठलीही घालू दे, उशाखाली नको. मग तो कोनाड्यात, गणपतीच्या तसबिरीशेजारी. आणि चांदोबातला विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ चालायचा तुला, त्याला मात्र काही नाही.

नानांचं दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं एवढंच. दोरीवर मधोमध उघडून लटकवलेली कॉमिक्स, खाली खोक्यात ठकठक, किशोर, चंपक, आणि आत ते स्वतः बनियनवर, हातात दाभण नाहीतर खळीचं भांडं. पुस्तकाच्या पाठीला जुन्या धोतराची पट्टी लावायचे आणि खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचे, म्हणजे झुरळं आणि कसर लागत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे चपलेला बुरशी येते तिथे कागदाची काय कथा, म्हणून त्यांनी कपाटाच्या आत साठचा बल्ब लावून ठेवला होता, चार महिने दिवसरात्र चालू. त्या कपाटातनं काढलेलं कॉमिक हाताला कोमट लागायचं, मला तो कोमटपणा फार आवडायचा.

पण त्यांची खरी करामत म्हणजे शेवटची पानं. भाड्याच्या कॉमिकचं शेवटचं पान सगळ्यात आधी जातं, तर नाना वहीचा कागद चिकटवून उरलेली गोष्ट स्वतःच्या अक्षरात लिहायचे. मूळ शेवट लक्षात असेल तर तो, नसेल तर आपल्या मनाचा. नानांच्या शेवटात डाकू पकडला गेला तरी आधी आईला भेटून यायचा, बहादूरच त्याला घेऊन जायचा. आबिद सुरतींनी १९७६ मधे बहादूर आणला, भगवा कुर्ता आणि जीन्सवाला आपला हिरो, पण डाकूच्या आईला भाकरी थापायला बसवलं ते नानांनी. मी कितीतरी वर्षं तेच खरं धरून चाललेले.

१९९० चं आठवतंय का बाबा? इंद्रजालचा गठ्ठा एसटीने पार्सलने यायचा, आणि घाटात दरड आली की अंक लेट, ते आम्हाला सवयीचंच होतं. पण एका आठवड्यात आलाच नाही, दुसऱ्या आठवड्यात नाही, आम्ही पोरं शाळा सुटली की पायरीवर, आणि नाना म्हणायचे, कुंभार्ली बंद असेल रे, येईल. पाऊस नव्हताच. १९६४ पासून चाललेलं इंद्रजाल टाइम्सवाल्यांनी बंद करून टाकलं होतं आणि चिपळूणातल्या एका गाळ्यातल्या माणसाला ते कोण कशाला कळवतंय. नंतर केबल आली, मग नानांनी गाइड ठेवली, झेरॉक्स मशीन घेतलं, मोबाईलचं रिचार्जसुद्धा केलं, पण दोरी काढली नाही.

२००५ च्या पुरात खालचे कप्पे गेले तरी त्यांनी परत मांडलं होतं. २०२१ च्या बावीस जुलैला मात्र काही राहिलं नाही. बाबाच सांगत होते ना, फावडं घेऊन गेले होते ते, की कागद पाण्याने फुगून कपाटात असा गच्च बसला होता की फळ्या तोडून काढावा लागला. त्या दिवशी लोटिस्मातली, म्हणजे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली, पुस्तकंही गेली, पण ती १८६४ ची संस्था, तिच्यासाठी लोक धावून आले, आणि यायलाच हवे होते. नानांच्या कॉमिक्ससाठी कोण येणार? चिखलाबरोबर ट्रॅक्टरमधे भरून गेली.

आपलं घर चढावर म्हणून ट्रंक तेवढी कोरडी राहिली. बाबा म्हणाले नाना आता दिवसभर ओट्यावर बसून असतात, सून पेपर देते तो दहा मिनिटांत संपतो. म्हणून म्हणते द्या त्यांना. परत आणलेत म्हणून त्यांनी पैसे काढले तर घ्यायचे नाहीत, आणि काढतील ते, फार मानी आहेत.

किल्ली देव्हाऱ्याच्या खणात, कुंकवाच्या जुन्या डबीत आहे. बाबा, तुम्ही माळ्यावर चढायचं नाही, शेजारच्या पोराला सांगा, आणि रिक्षानेच न्या. वरच्या थरात खाकी कागदात गुंडाळलेला एक बहादूर आहे, नानांनी शेवट लिहिलेला, तो तेवढा आधी काढून आईच्या कपाटात ठेवा. नानांनी विचारलंच तर सांगा की फार फाटला होता, गिऱ्हाईकाने घेतला नसता.

गोळ्या वेळेवर घ्या दोघांनी. गणपतीला येतोच आहोत.

तुमची,
मोठी