गुठळी की जन्मतःच बारीक शीर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खानापूर, निपाणी, अथणीकडची एखादी बाळंतीण डोकेदुखी नि झटक्यांमुळे बेळगावला किंवा मिरजेला पाठवली जाते, तेव्हा मेंदूच्या शिरांत गुठळीची शंका रास्तच. बाळंतपणानंतर रक्त गोठण्याकडे कललेले असते, त्यात पाणी बेतानेच द्यायची जुनी खोड. पण एमआर व्हिनोग्राफीत (शिरांच्या एमआरआय तपासणीत) एक बाजू दिसली नाही म्हणून लगेच ‘थ्रॉम्बोसिस’, म्हणजे शिरेत गुठळी, लिहिणे घाईचे. त्या एका शब्दापायी रक्त पातळ करणारी औषधे कित्येक महिने चालतात.

डावा ट्रान्सव्हर्स सायनस (मेंदूतले रक्त परत नेणारी, कवटीच्या मागच्या भागातली मोठी शीर) अनेकांत उजव्याहून बारीक असतो. कॉन्ट्रास्टशिवायच्या, म्हणजे शिरा उठून दिसण्यासाठीचे औषध न टोचता केलेल्या, टाइम-ऑफ-फ्लाइट या एमआर पद्धतीमध्ये संथ प्रवाहाचा सिग्नल पडतो आणि शीर मधेच तुटल्यासारखी वाटते. अशा वेळी सीटीची बोन विंडो, म्हणजे हाडे स्पष्ट दाखवणारी मांडणी, पाहावी. त्याच बाजूची सिग्मॉइड खोबण (ही शीर पुढे जाते ती हाडातली खाच) आणि जुगुलर फोरामेन (शीर कवटीबाहेर पडते ते छिद्र) लहान असेल तर शीर बहुधा मुळातच बारीक. खोबण ऐसपैस आणि प्रवाह नाही, तर संशय पक्का करण्यासाठी कॉन्ट्रास्ट द्यावा.

अरॅक्नॉइड ग्रॅन्युलेशन, म्हणजे सायनसमध्ये डोकावणारा मेंदूच्या आवरणाचा निरुपद्रवी फुगवटा, हेही फसवते. ते गोल, रेखीव कडांचे, टी-२ या एमआरआय प्रकारावर पाण्यासारखे पांढरे. गुठळी लांबट, शीर फुगवणारी, एसडब्ल्यूआय या रक्ताचे अंश टिपणाऱ्या एमआरआय प्रकारावर बहुधा काळी. मात्र ताजी गुठळी टी-२ वरही काळी दिसते आणि वाहत्या रक्तासारखीच वाटून नजरेतून सुटते.

साध्या सीटीत सायनस पांढरा दिसला तर हाउन्सफील्ड आकड्याला (सीटीवरची घनता) हिमॅटोक्रिटने (रक्तातल्या लाल पेशींचे शेकडा प्रमाण) भागावे. 72 ला 52 ने भागले की 1.4 च्या आसपास, म्हणजे शरीरातले पाणी आटून दाट झालेले रक्त असू शकते. हिमॅटोक्रिट 27 असलेल्या बाळंतिणीत मात्र 60 हा आकडासुद्धा 2.2 देतो, तिथे गुठळीच शोधावी. नुसते ‘हाउन्सफील्ड 70 च्या वर तरच गुठळी’ हे गणित रक्त कमी असलेल्या बाईला चुकीचा दिलासा देते, आणि आपल्या भागात अशा बायका कमी नाहीत.

तेव्हा गावाकडच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत हिमॅटोक्रिट आणि बाळंतपणाची तारीख लिहावी. नातेवाइकांनी फिल्मबरोबर सीडीही मागून घ्यावी. फिल्मवर विंडो, म्हणजे चित्राची उजेड-अंधाराची मांडणी, बदलता येत नाही.

– रेडिओलॉजीतले काही डॉक्टर, बेळगाव