आत्याकडचे सहा महिने

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितल्यामुळे बाळंतपण होईपर्यंत नातवाला इकडे गावी ठेवावे का, असे तू विचारलेस. उत्तर अर्थातच होय. फोनवर मी जरा घुटमळलो, त्याचे कारण मात्र लिहूनच कळवितो.

१९६१ च्या मे महिन्यात, मी पाच वर्षांचा असताना, आईचे दिवस भरत आले म्हणून वडिलांनी मला परळच्या चाळीतून आत्याकडे आणले. भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसून आम्ही विजयदुर्गास उतरलो आणि पुढे बैलगाडीने घर गाठले. बेत महिनाभराचाच होता. परंतु आगोट लागताच बोटी बंद झाल्या, त्या पाऊस सरेपर्यंत सुरू व्हायच्या नव्हत्या, आणि मग बाळंतीण, तान्हे मूल, वडिलांची गिरणीतली पाळी असे करता करता माझा मुक्काम दिवाळीपर्यंत लांबला.

मला तेथे काही कमी नव्हते. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी कुळथाची पिठी आणि निखाऱ्यावर भाजलेला खारा बांगडा, ज्याच्या वासाने तुझी आई अजूनही घरभर खिडक्या उघडत फिरते. लावणीच्या दिवसांत आत्या गुडघाभर चिखलात तरवा लावीत असे, तेव्हा माझ्यासाठी मुद्दाम विणून घेतलेल्या लहानशा इरल्याखाली बसून मी बांधावरच्या कुर्ल्यांच्या बिळांवर पहारा करी. रात्री कंदिलाची वात बारीक झाली की तिच्या लुगड्याचा पदर मुठीत घेतल्याशिवाय मला झोप लागत नसे.

त्या पदराचेच सांगायचे आहे. वडील मला झोपेत ठेवून गेले होते. मूल रडू नये म्हणून तेव्हा सगळेच तसे करीत, त्यांना मी दोष देत नाही. पण जाग आल्यावर ओटीखाली त्यांच्या वहाणा दिसल्या नाहीत, तेव्हापासून कितीतरी दिवस मी दुपारचा आडवा होईना. पुढे आई न्यायला आली तेव्हा मी आत्यामागे लपलो आणि तिला परक्या बाईसारखे 'अहो' म्हणालो. आई हसली खरी, पण ही गोष्ट तिने कधीच कोणाला सांगितली नाही. आत्याच सांगत असे.

तेव्हा त्याला सोडायला आलीस की चार दिवस राहा, आणि तो जागा असताना, त्याला सांगून नीघ. रडेल, गाडीमागे धावेलही. मी धरीन त्याला. त्याचे नेहमीचे पांघरूण मात्र न धुता तसेच आण.

तुझा,
बाबा